व्यष्टी आणि समष्टी



संतसज्जनहो, गेल्या आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी कीर्तन आटोपून आम्ही राहुटीत टेकलो होतो. त्या दिवशीच्या निरूपणात आम्ही असे म्हणून गेलो होतो की, ही सगळी सृष्टी म्हणजे एक देह आहे, आणि तुम्ही-आम्ही, झाडेझुडपे, गुरेवासरे हे त्या देहाचे अवयव आहोत. श्रोत्यांनी माना डोलावल्या. आम्हासही बरे वाटले. इतक्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारा एक मुलगा आपल्या आजीला घेऊन आत आला, पाया पडला आणि म्हणाला,

"महाराज, राग मानू नका. पण रान म्हणजे एक देह, हे आमच्या शास्त्रानं केव्हाच सोडून दिलंय. ज्या झाडाला जिथं माती-पाणी मानवलं तिथं ते उगवलं, शेजारचंही तसंच उगवलं, आणि आपण त्या सगळ्यांना मिळून रान म्हणतो. मग देह कुठला आणि अवयव कुठले?"

आजी त्याला दटावू लागली, "आरं, महाराजांना असं इचारतेत व्हय?"

आम्ही म्हणालो, "विचारू द्या माउली. शंका पोटात ठेवली की ती आंबते."

मग आजीलाही धीर आला. ती म्हणाली, "तर मग माझंबी एक सांगा. पूर्वी ढोर मेलं की गावाबाहेर नेऊन टाकायचे, अन् दिवस कलायच्या आत गिधाडं त्याचा निव्वळ सांगाडा करून ठेवायची. आता आठ-आठ दिवस वास सुटतो, कुत्री ओढाताण करतेत. ती गिधाडं गेली कुठं? देवाच्या देहातला तेवढा अवयव कुणी तोडला?"

त्या रात्री आम्ही दोघांनाही काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हासही पटले नाही. वारीहून परतल्यावर जाणत्यांना विचारले, ग्रंथ पाहिले. तेव्हा ध्यानात आले की, नातवाचा प्रश्न आणि आजीचा प्रश्न हे दोन नव्हेत, एकच आहे. त्याचेच उत्तर आज आपल्या सेवेत मांडतो.

आपल्या वेदांतात दोन शब्द आहेत : व्यष्टी आणि समष्टी. एकेक वस्तू सुटी पाहिली तर ती व्यष्टी. सगळ्या मिळून एक पाहिल्या तर ती समष्टी. वृक्ष ही व्यष्टी आणि वन ही समष्टी, हा दृष्टांत शास्त्रीमंडळी फार पूर्वीपासून देत आली आहेत. आश्चर्य असे की, जो दृष्टांत आपण ब्रह्मविचार समजावण्यासाठी घेतो, त्याच वन-वृक्षावरून पश्चिमेकडील पर्यावरणशास्त्राच्या पंडितांत गेली शंभर वर्षे वाद चालला आहे. तो वाद आधी नीट ऐकून घेऊ. प्रतिपक्षाचे ऐकल्याशिवाय सिद्धांत सांगू नये, अशी आपली रीत आहे.

पहिला पक्ष समष्टिवाद्यांचा. अमेरिकेत नेब्रास्का म्हणून गवताळ मुलूख आहे. तेथला फ्रेडरिक क्लेमेंट्स हा विद्वान रानाचा फार बारकाईने अभ्यास करी. १९१६ साली त्याने मोठा ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, रान हा एक जीवच आहे. उघड्या जमिनीवर आधी किरकोळ गवत येते, मग झुडपे येतात, मग त्या हवापाण्याला साजेसे कायमचे रान उभे राहते. बाळाचा तरुण व्हावा तसे रान वाढते, आणि कोणी तोडले तर जखम भरून यावी तसे पुन्हा भरून येते. म्हणजे आम्ही कीर्तनात जे बोललो, जवळपास तेच.

दुसरा पक्ष व्यष्टिवाद्यांचा. हेन्री ग्लीसन नावाच्या दुसऱ्या अमेरिकन विद्वानाने १९२६ साली लेख लिहून याचा इन्कार केला. तो म्हणाला, अहो, रान असा कोणी नाही. वाऱ्याने, पाण्याने, पाखरांच्या पोटातून बी येऊन पडते. जेथे त्याला मानवते तेथे ते रुजते. प्रत्येक जातीची गरज निराळी आणि नशीब निराळे. योगायोगाने शेजारी उभी राहिलेली झाडे पाहून त्यांना एक देह म्हणणे हा आपल्या मनाचा खेळ आहे. त्या काळी ग्लीसनचे कोणी फारसे ऐकले नाही. पण पुढे रॉबर्ट व्हिटेकर याने अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडांची मोजदाद केली. क्लेमेंट्सचे खरे असते, तर एका रानातल्या साऱ्या जाती एकदम सुरू होऊन एकदम संपायला हव्या होत्या. तसे दिसले नाही. प्रत्येक जात आपापल्या उंचीवर सुरू होते, वाढते आणि आपापल्या उंचीवर विरळ होते. नातू कॉलेजात शिकतो ते हेच.

या दोहोंमध्ये इंग्लंडच्या आर्थर टॅन्स्ली याने १९३५ साली एक मधला शब्द काढला. त्याला आपण परिसंस्था म्हणतो. त्याचे म्हणणे असे की, रानाला जीव म्हणू नका, पण सुटी झाडेही म्हणू नका. माती, पाणी, ऊन, वारा आणि त्यात वावरणारे जीव यांच्यात सतत घेणे-देणे चालते. त्या घेण्या-देण्याची जी व्यवस्था, तिचा अभ्यास करा.

येथे कोणी म्हणेल, महाराज, हे पंडितांचे वाद. आम्हा वारकऱ्यांना त्याचे काय? आपण सर्व एक म्हणावे आणि मोकळे व्हावे.

बाबांनो, येथेच खरी गोम आहे. सर्व एक असे म्हणून मोकळे होता येत नाही. ज्या १९२६ साली ग्लीसनचा लेख आला, त्याच साली दक्षिण आफ्रिकेच्या यान स्मट्स यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. समष्टिवादाला इंग्रजीत होलिझम हे नाव त्यांनीच त्या ग्रंथात दिले. अवयवांच्या बेरजेहून अवयवी मोठा असतो, विश्वाची ओढ अखंडतेकडे आहे, असे त्यात मोठे थोर विचार आहेत. पण हे स्मट्स म्हणजे तेच, ज्यांच्या सरकारशी गांधीजींना आफ्रिकेत सत्याग्रहाची झुंज द्यावी लागली. ग्रंथात अखंडता आणि राज्यकारभारात काळ्यांना गोऱ्यांपासून दूर ठेवण्याचे धोरण! दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणी नांदली.

आपणास हे नवीन आहे काय? समाज हा एक देह आहे, असे आपल्याकडेही सांगत आले. मग त्यात कोणी मुख झाले आणि कोणी पाय झाले, आणि ज्यांना पाय ठरवले त्यांना देवळाच्या बाहेर उभे केले. चोखोबारायांची समाधी महाद्वारापाशी आहे, ती येता-जाता आपण सर्वच पाहतो. १९४७ साली साने गुरुजींना पंढरीत प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे देवाचे दार हरिजनांना उघडले. म्हणून आमचे सांगणे असे की, कोणी एक देह म्हटले की लगेच विचारावे : यात पाय कोणाला ठरवले? आणि ठरवणारा स्वतः डोके होऊन बसला आहे काय? आजही रानाच्या भल्यासाठी रानात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांनाच बाहेर काढा, असे सांगणारे भेटतात. समष्टीच्या नावाखाली व्यष्टीचा बळी देणे सोपे असते, कारण समष्टी बोलत नाही. तिच्या नावाने दुसराच कोणी बोलत असतो.

असो. ही झाली समष्टिवादाची खोट. मग व्यष्टिवाद निर्दोष आहे काय? तर आता आजीच्या गिधाडांकडे वळू.

एके काळी या देशात गिधाडे इतकी होती की ती मोजावीत असे कोणाच्या मनातही येत नसे. राजस्थानात भरतपूरचे केवलादेव पक्षी-अभयारण्य आहे. तेथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना १९९० नंतरच्या दशकात गिधाडे मान खाली टाकून झाडावर बसलेली आणि मग मरून पडलेली आढळू लागली. पुढे देशभर मोजणी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारांमागे जेमतेम एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांत शंभरातली सत्त्याण्णव गेली.

कारण काय? आधी जाणत्यांना वाटले, एखादी साथ आली असावी. पण साथीचा पुरावा सापडेना. २००४ साली उत्तर मिळाले, तेही पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे उघडून पाहिली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आतल्या इंद्रियांवर खडूसारखा पांढरा थर साचला होता. शोधता शोधता त्यांना त्या पाखरांच्या देहात एक औषध सापडले. डायक्लोफेनॅक त्याचे नाव. माणसे सांधेदुखीवर घेतात, तेच. स्वस्त झाल्यावर ते गुरांनाही सूज आणि दुखणे यांवर टोचू लागले. औषध टोचलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले, तर औषध त्याच्या मांसात राहते, आणि ते खाणारे गिधाड दोन-चार दिवसांत दगावते.

आता नीट पाहा. औषध वाईट होते काय? नाही. गाय लंगडत होती, तिचे दुखणे थांबले. शेतकऱ्याने गायीवर माया केली, डॉक्टराने गायीला तपासले, औषध करणाराने गायीपुरता विचार केला. तिघांचीही वागणूक आपापल्या जागी बरोबर होती. पण तिघांनीही गाय तेवढी पाहिली. गाय मेल्यावर तिच्याकडे कोण येणार आहे, हे कोणीच पाहिले नाही. ही व्यष्टिदृष्टीची खोट. ती जेथे पाहते तेथे चोख पाहते, पण कडेपलीकडे तिला काही दिसत नाही.

शिवाय ही कड किती नाजूक होती तेही ऐका. शंभर मेल्या जनावरांत एकाच्या अंगात जरी ते औषध असले, तरी गिधाडांचा असा निःपात व्हायला पुरे, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. कारण एका मढ्यावर शेकडो गिधाडे उतरतात, आणि या पाखराची मादी वर्षाला एकच अंडे घालते. मग मढी उघड्यावर सडू लागली, गावोगाव कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाढले. मुंबईत पारशी बांधवांच्या दख्म्यातील शेकडो वर्षांची रीत गिधाडांवाचून अडली. २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे या देशात सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. एका गायीच्या दुखण्यावरचे औषध कोठवर पोचले पाहा!

येथे समष्टिवादी मान हलवून म्हणेल, आम्ही सांगत नव्हतो? सृष्टीचा समतोल बिघडला! वाक्य खरे आहे. पण त्या वाक्याने एकही गिधाड वाचले नसते. कोणीतरी मेलेले पाखरू हातात घेऊन, त्याचे पोट उघडून, एकेका द्रव्याची तपासणी केली, तेव्हा कारण सापडले. म्हणजे घोटाळा झाला व्यष्टीपुरते पाहिल्यामुळे, आणि उलगडाही झाला व्यष्टीतच खोल उतरल्यामुळे. फरक एवढाच की, पहिला गायीशी थांबला होता, आणि दुसरा पाखराच्या मूत्रपिंडात शिरला तो सगळ्या आभाळाची काळजी मनात घेऊन. कारण कळल्यावर २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्या देशात बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरतात असे दिसले, तेव्हा २०१५ साली त्या कुप्या लहान करण्याचा हुकूम झाला. २०२३ साली अशाच बाधक असलेल्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांचा गुरांसाठीचा वापर बंद केला गेला. मेलॉक्सिकॅम हे औषध गायीलाही चालते आणि गिधाडालाही बाधत नाही, हेही सिद्ध झाले आहे.

संतांनी हे वर्म फार पूर्वी ओळखले होते. नाथमहाराजांची कथा आठवा. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी कावड तेथेच त्याच्या मुखात रिकामी केली. बरोबरचे म्हणाले, रामेश्वराचे काय? नाथ म्हणाले, माझा रामेश्वर येथेच पावला. नाथांची समष्टिदृष्टी थोर होती यात शंका नाही. पण ती थोर दृष्टी उतरली कोठे? एका गाढवाच्या कोरड्या जिभेवर. ते जर म्हणाले असते की, सर्वच ईश्वर आहे, गाढवाच्या ठिकाणी तोच तहानतो आणि तोच मरतो, तर तत्त्वज्ञान बिनचूक ठरले असते आणि गाढव मात्र मेले असते. माउलींनीही पसायदान मागितले ते सगळ्या विश्वासाठी, पण त्यातच जो जीव जे इच्छील ते त्याला मिळो असेही मागितले. समष्टीसाठी पसरलेला पदर असा एकेका जीवापर्यंत पोचतो.

तर आता नातवाला उत्तर देऊ. बाळ, तुझे म्हणणे आम्हास मान्य आहे. रान हा देह नव्हे. आम्ही कीर्तनात वापरलेला दृष्टांत चुकला, तो आम्ही परत घेतो. आमच्यापाशी याहून चांगला दृष्टांत घरचाच होता, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आमची गत झाली. रान म्हणजे दिंडी आहे.

दिंडीत कोणी कोणाचा हात नाही की पाय नाही. जो तो आपापल्या गावाहून, आपापल्या ओढीने येतो. कोणाला नवस फेडायचा असतो, कोणाला पोराचे दुःख विसरायचे असते, कोणाची पिढीजात वारी असते. ग्लीसन म्हणतो तसे, प्रत्येक जण आपल्या पायांनी आलेला. यंदा कोणी गळतो, कोणी नवा मिळतो. पण वीणेकरी, पखवाजी, टाळकरी, डोईवर तुळस घेतलेली माउली असे सगळे एकत्र आले की, त्यांच्यातल्या एकट्यादुकट्यापाशी नसलेली एक वस्तू उभी राहते. तो ठेका कोणा एकाचा नसतो, आणि कोणा एकाला सोडूनही नसतो. तेथे मुख आणि पाय असा भेद नाही, कारण जो तो दुसऱ्याच्या पाया पडतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट समाजआरतीची. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळे शांत होते. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवीतच राहते. एवढा मोठा समाज, पण आरती पुढे जात नाही. चोपदार त्या दिंडीकडे जातात, तिचे गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, टाळ थांबतो, मग आरती. कोणी असे म्हणत नाही की, लाखांच्या समाजात एका दिंडीचे काय घेऊन बसलात? आमच्या मते व्यष्टी आणि समष्टी यांचा खरा संबंध हाच. एकाचे गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय अवघ्यांची आरती होत नाही.

आणि आजीला उत्तर असे : माउली, तो अवयव कोणी दुष्टाने तोडला नाही. सृष्टीच्या तळावर गिधाडांची दिंडी कितीतरी वर्षे टाळ वाजवून गाऱ्हाणे सांगत होती. आपण तुम्हाआम्हासकट सगळे आपापल्या आरतीत दंग होतो. ज्या जटायूचे अंत्यविधी प्रभू रामचंद्रांनी स्वहस्ते केले, त्याचे कुळ आपल्या डोळ्यांदेखत संपत आले आणि आपल्याला कळले ते मढ्याचा वास सुटल्यावर.

म्हणून वारकरी बंधुभगिनींनो, नुसते सर्व एक म्हणू नका. त्या सर्वांतला निदान एक जीव नीट ओळखा. आपणांपैकी बहुतेक शेतकरी आहेत. गुराला सूज आली, दुखणे आले, तर मनाने औषध टोचू नका. डॉक्टरांना विचारा, हे गिधाडांना बाधणारे तर नाही? मेलॉक्सिकॅम चालेल काय? औषध दिलेले जनावर दगावले तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. गावाच्या डोंगरकड्यावर, उंच झाडावर गिधाडाचे घरटे असेल तर त्याची राखण करा. आणि वारीच्या वाटेवर प्लॅस्टिकचा पेला टाकताना माझ्या एकट्याच्या पेल्याने काय होते, असे मनात आले, तर शंभरातले एक मढे आठवा.

पुढल्या वारीत ती आजी आणि तो नातू भेटले, तर हे उत्तर त्यांच्या पायी ठेवू. पटले नाही तर त्यांनी खुशाल टाळ वाजवीत राहावे; आम्ही थांबून ऐकू.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!